ट्युटोरियल चालतं, स्वतःचं पान उघडत नाही: जँगो शिकणाऱ्या नव्या मुलांची नेहमीची अडचण

नाशिकच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांत शेवटच्या वर्षाची मुलं इंटर्न म्हणून येतात, तेव्हा बॅच बदलते पण चित्र बदलत नाही. पहिल्या आठवड्यात जँगो या पायथन भाषेतल्या, वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कचं (तयार सांगाड्याचं) अधिकृत ट्युटोरियल, म्हणजे ते मतदानाचं 'पोल्स' ॲप, सगळ्यांचं व्यवस्थित चालतं. मग दुसऱ्या सोमवारी सांगायचं, "लासलगावच्या कांद्याच्या दरांची यादी दाखवणारं एक पान करा. तारीख, आवक, किमान, कमाल आणि सरासरी दर, बास." आणि खोलीत एकदम शांतता. तासाभराने कुणीतरी मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा फोटो ग्रुपवर टाकतं, सोबत चार शब्द: "सर, एरर येतोय. काय करू?"

गंगापूर रोडला काय, सातपूरला काय, मुलं शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, हीच तक्रार ऐकायला मिळेल. त्यावर नेहमीचे दोन उपाय होतात. एक म्हणजे ट्युटोरियल पुन्हा करायला लावणं, दुसरा म्हणजे अजून एखादी व्हिडिओ मालिका सुचवणं. दोन्हींनी फरक पडत नाही, कारण मुलांना पायऱ्या आठवत नाहीत असा प्रश्नच नसतो. आपण लिहिलेला कोड कोण बोलावतं आणि कधी बोलावतं, हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

कॉलेजात त्यांनी सी प्लस प्लस आणि जावा केलेलं असतं. तिथे प्रोग्रॅम 'मेन'पासून सुरू होतो आणि वरून खाली वाचत जाता येतो. जँगोमध्ये 'मॅनेज'च्या फाइलीत 'मेन' असतो, पण तिथून आपला कोड असा वाचत जाता येत नाही. पाच-सहा फाइलींत थोडं थोडं लिहायचं आणि त्यातलं काय कधी चालेल ते फ्रेमवर्क ठरवणार. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्यासाठी प्रत्येक फाइल हा एक मंत्र असतो. जसाच्या तसा म्हटला तर फळतो, एक अक्षर चुकलं की कोपतो. त्यामुळे मुलं नवं काही लिहायलाच घाबरतात.

या दुखण्याकडे वळण्याआधी एक चाळणी लावावी लागते. फ्रेमवर्क अवघड जातंय अशी तक्रार करणारा मुलगा पुष्कळदा फ्रेमवर्कपर्यंत पोचलेलाच नसतो.

आधी लॅपटॉप तपासा

मुलांकडे बहुतेक विंडोजच असतं. टर्मिनलमध्ये 'पायथन' टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडत असेल, तर त्यात पायथनचा दोष नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'ॲप एक्झिक्युशन एलियासेस' नावाची यादी आहे, तिथे पायथनची दोन बटणं बंद करा. पॉवरशेलमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रोजेक्टपुरता वेगळा ठेवलेला पायथन) सुरू करताना स्क्रिप्ट चालवायला परवानगी नाही असा लाल मजकूर आला, तर नवख्या मुलाला पॉलिसी बदलायला लावण्यापेक्षा साधा कमांड प्रॉम्प्ट वापरायला सांगा. तिथे हा अडसर येत नाही.

'नो मॉड्यूल नेम्ड जँगो' हा सगळ्यात जुना पाहुणा. मुलगा शपथेवर सांगतो की इन्स्टॉल केलंय, आणि ते खरंही असतं. फक्त ते दुसऱ्याच पायथनमध्ये झालेलं असतं. लॅपटॉपवर एक पायथन कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी टाकलेला, एक ॲनाकोंडासोबत आलेला, एक स्टोअरमधून उतरलेला. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'व्हेअर पायथन' टाकलं की सगळ्यांचे पत्ते दिसतात. सगळ्यात वर प्रोजेक्टच्या फोल्डरमधला पत्ता नसेल, तर एन्व्हायर्नमेंट सुरूच झालेलं नाही. पॅकेज इन्स्टॉल करताना नुसतं 'पिप' न लिहिता 'पायथन', मग उणे एम, मग 'पिप' असं लिहायची सवय पहिल्याच दिवशी लावा. म्हणजे ज्या पायथनने कोड चालणार त्यातच पॅकेज जातं. एडिटरच्या खालच्या पट्टीत कोणता इंटरप्रिटर निवडलाय तेही बघा. टर्मिनलमध्ये चालतं आणि एडिटरमध्ये लाल रेघा दिसतात, याचं कारण बहुधा तिथेच सापडतं.

मित्राचा प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवरून आणला आणि चालत नाही, हा याच घरातला प्रश्न. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच्या आत मूळ मशीनवरचे पूर्ण पत्ते लिहिलेले असतात. त्यामुळे ते फोल्डर उचलून दुसरीकडे नेता येत नाही, नव्याने बनवावं लागतं. प्रोजेक्टसोबत फक्त रिक्वायरमेंट्सची फाइल, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजेसची यादी, द्यायची. कॉलेजच्या लॅबमध्ये इंटरनेटची बोंब असेल, तर ऑफिसमधून 'पिप डाउनलोड'ने सगळी पॅकेजेस एका फोल्डरमध्ये उतरवून घ्या. लॅबमध्ये इन्स्टॉल करताना 'नो इंडेक्स' आणि 'फाइंड लिंक्स' हे दोन पर्याय देऊन तो फोल्डर दाखवायचा, म्हणजे नेटची गरज पडत नाही. फक्त पायथनची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम दोन्हीकडे सारखी हवी.

अजून एक गमतीदार प्रकार: मुलाने सरावासाठी केलेल्या फाइलीलाच 'जँगो' असं नाव दिलेलं असतं. मग पायथन खरं जँगो शोधण्याआधी हीच फाइल उचलतो आणि कुणालाच उलगडा होत नाही.

मग आवृत्ती तपासा

व्हिडिओ जुना, जँगो नवं. मुलाने एक अक्षरही चुकवलेलं नसतं, तरी चालत नाही, आणि 'आपल्याला जमत नाही' हा समज पक्का होतो. तीन खुणा लक्षात ठेवा. फॉरेन कीमध्ये (एका टेबलातून दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणाऱ्या फील्डमध्ये) 'ऑन डिलीट' दिलेलं नसेल तर तो धडा जँगो 2.0 च्या आधीचा, म्हणजे डिसेंबर 2017 पूर्वीचा. 'कॉन्फ डॉट यूआरएल्स'मधून 'यूआरएल' आयात होत नाही अशी तक्रार आली, तर ते फंक्शन डिसेंबर 2021 मध्ये आलेल्या 4.0 आवृत्तीत काढून टाकलंय, आता 'पाथ' किंवा 'री पाथ' वापरायचं. आणि लॉगआउटच्या साध्या लिंकवर क्लिक केल्यावर 405 (ही पद्धत चालत नाही) दिसला, तर 5.0 पासून लॉगआउट फक्त पोस्टने, म्हणजे फॉर्म पाठवूनच, होतं. लिंकच्या जागी सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आल्याची खूण) असलेला छोटा फॉर्म टाकायचा.

सगळ्या बॅचला एकच आवृत्ती द्या आणि ती रिक्वायरमेंट्समध्ये आकड्यासकट लिहा. एप्रिल 2025 मध्ये आलेली 5.2 ही दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती आहे, तिला पायथन 3.10 किंवा पुढचा लागतो. अधिकृत दस्तऐवजांच्या पानावर आवृत्ती निवडायची सोय असते, तीही दाखवून ठेवा. एआयकडून आणलेल्या उत्तरांनाही हीच चाळणी लावायची. त्यात तीन आवृत्त्यांची खिचडी असते आणि ती मोठ्या आत्मविश्वासाने वाढलेली असते.

मूळ दुखणं: रिक्वेस्ट कुठून कुठे जाते

इथे वेळ घालवा. बाकी सगळं याच्यापुढे किरकोळ आहे.

बरेच जण वेटर आणि स्वयंपाकघराची उपमा देतात. मला ती आवडत नाही. मुलांना उपमा तेवढी पाठ होते, मुलाखतीत ती सांगतातही, पण रिक्वेस्ट, म्हणजे ब्राउझरने सर्व्हरकडे केलेली मागणी, काही दिसत नाही. त्यापेक्षा ती खरीखुरी दाखवता येते, आणि त्यासाठी 'प्रिंट' पुरतो.

रिकामा प्रोजेक्ट, एक ॲप. मॉडेल (डेटाचा साचा) नाही, टेम्प्लेट (पानाचा साचा) नाही. व्ह्यूमध्ये, म्हणजे रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या कोडमध्ये, एकच फंक्शन, ते 'नमस्कार' एवढंच परत देतं. आता तीन ठिकाणी प्रिंट टाकायला सांगा: सेटिंग्जच्या फाइलीत, व्ह्यूजच्या फाइलीत सगळ्यात वर, आणि व्ह्यूच्या फंक्शनच्या आत. सर्व्हर सुरू करण्याआधी प्रत्येकाने कागदावर लिहायचं की कोणती प्रिंट कुठे दिसेल आणि किती वेळा.

बहुतेक मुलं ब्राउझरकडे बघत बसतात. काही जण ब्राउझरचा कन्सोल उघडतात. प्रिंट टर्मिनलमध्ये उमटते हे पाहिल्यावर पहिल्यांदा लक्षात येतं की आपला कोड ब्राउझरमध्ये चालत नाही, सर्व्हरवर चालतो. सांगून पटत नाही, पाहून पटतं. मग दिसतं की सेटिंग्जमधली प्रिंट दोनदा आली. का? रनसर्व्हर फाइलींवर नजर ठेवायला एक प्रोसेस चालवतं आणि खरा सर्व्हर दुसऱ्या प्रोसेसमध्ये, म्हणून सेटिंग्ज दोनदा वाचली जातात. व्ह्यूजच्या माथ्यावरची प्रिंट फाइल वाचताना एकदाच आली. फंक्शनच्या आतली मात्र सर्व्हर सुरू होताना आलीच नाही. ती पान उघडलं तेव्हा आली, आणि रिफ्रेश केल्यावर पुन्हा आली.

या टप्प्यावर कुणीतरी म्हणतंच, "म्हणजे हे फंक्शन आपण कुठे बोलावलंच नाही की सर!" हे वाक्य मुलांच्या तोंडून आलं पाहिजे. आपण सांगून टाकलं तर व्यायाम वाया गेला.

त्याच टर्मिनलमध्ये 'फेव्हिकॉन'साठी 404 ची (सापडलं नाही) एक ओळही दिसते आणि हमखास कुणीतरी घाबरतं. ती रिक्वेस्ट ब्राउझर स्वतःहून पाठवतो, टॅबवरच्या छोट्या चित्रासाठी. इथे मिनिटभर थांबा. एक पान उघडलं म्हणजे एकच रिक्वेस्ट गेली असं नसतं, हे समजायला याहून सोपी जागा मिळणार नाही.

यानंतर मोडतोड. यूआरएलच्या यादीत आधी 'बाजार' आणि मग कोणतंही नाव चालेल असा पॅटर्न ठेवा, त्याच्या खाली 'बाजार' आणि 'नवा' असा ठरावीक पॅटर्न. दोन्ही पत्ते सरावापुरते रोमन अक्षरांत लिहायचे. आता 'नवा'चं पान उघडायला सांगा. 'नवा'चं पान येत नाही, 'नवा' हे बाजाराचं नाव समजून वरच्याच पॅटर्नचं उत्तर येतं. जँगो यादी वरून खाली वाचतं आणि पहिला जुळलेला पॅटर्न धरतं. मुलांना क्रम बदलून बघू द्या. त्यांनी एकदा स्वतःच्या हाताने मोडून दुरुस्त केलं की यूआरएलची फाइल मंत्र राहत नाही.

मॉडेलला हात लावण्याआधी एवढं पक्कं झालं पाहिजे. कंपनीत घाई असते, क्लायंटचं काम डोक्यावर असतं, हे मान्य. पण इथे वाचवलेले दोन दिवस पुढे महिनाभर वसूल होत राहतात.

एरर वाचायला शिकवा, फोटो काढायला नको

जँगोचं पिवळं पान दिसलं की मुलं ते वाचत नाहीत, टॅब बंद करतात. भाषेची भीती हे त्यातलं एक कारण. सिन्नर, दिंडोरी, येवल्याकडून आलेली, मराठी माध्यमात शिकलेली मुलं हुशार असतात, पण इंग्रजीची दोन पानं एकदम अंगावर आली की गांगरतात. त्यांना सांगा, सगळं वाचायचंच नाही. पानाच्या माथ्यावर एररचा प्रकार आणि त्याखाली एका ओळीत कारण असतं, ते मोठ्याने वाच आणि मला मराठीत सांग. मग खालच्या लांब यादीत स्वतःच्या फोल्डरमधली ओळ शोध. जँगोच्या आतल्या फाइलींकडे सध्या बघू नकोस. टर्मिनलमध्ये हीच यादी आली तर खालून सुरुवात, कारण तिथे कारणाची ओळ शेवटी असते.

ग्रुपवर फोटो बंद. प्रश्न विचारायचा तर मजकुरात: मी काय केलं, कारणाची ओळ कोणती, माझी कोणती फाइल आणि कितवी ओळ. एवढं लिहिता लिहिता निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यांची त्यांनाच सापडतात आणि अर्धवट टाइप केलेला मेसेज पुसला जातो.

'टेम्प्लेट डझ नॉट एक्झिस्ट' आला की पिवळ्या पानावर जँगोने कुठे कुठे शोधलं त्याची यादीच दिलेली असते. यादीत आपल्या ॲपचं फोल्डर नसेल, तर ॲप 'इन्स्टॉल्ड ॲप्स'मध्ये घातलेलं नाही किंवा फोल्डरच्या 'टेम्प्लेट्स' या नावातला शेवटचा 'स' गळलाय. फोल्डर यादीत आहे, फाइलही डोळ्यांना दिसतेय, तरी सापडत नाही? मग विंडोजमध्ये फाइलींची एक्स्टेन्शन्स दाखवायला सांगा. नोटपॅडमध्ये सेव्ह केलेली 'यादी डॉट एचटीएमएल' ही प्रत्यक्षात 'यादी डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी' निघते. असा मुलगा तासभर कोडकडे टक लावून बसलेला असतो आणि कोडमध्ये काहीच चुकलेलं नसतं.

404 च्या पानावरही तपासलेल्या पॅटर्नची यादी त्याच क्रमाने असते. आधीचा व्यायाम केलेल्या मुलाला ती लगेच कळते.

मराठी डेटा आला की निघणारे प्रश्न

हे परदेशी ट्युटोरियलमध्ये सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर.

दरांच्या प्रोजेक्टमध्ये प्रत्येक बाजाराचं वेगळं पान करायचं असतं. मुलं ट्युटोरियलमध्ये पाहिलेलं असतं तसं नावावरून 'स्लग' (पानाच्या पत्त्यात वापरायचं छोटं नाव) बनवतात. 'लासलगाव' हे नाव जँगोच्या 'स्लगिफाय'ला दिलं की हातात काय येतं? काहीच नाही, रिकामी स्ट्रिंग. ते फंक्शन एरवी रोमन अक्षरं, आकडे, अधोरेषा आणि जोडरेषा ठेवतं, बाकी सगळं टाकून देतं. रिकाम्या स्लगवरून लिंक बनवायला गेलं की टेम्प्लेटमध्ये 'नो रिव्हर्स मॅच' फुटतो. मुलगा टेम्प्लेट तपासतो, यूआरएल तपासतो, दोन्ही बरोबर असतात. दुखणं त्याच्याही आधी, डेटा साठवताना झालेलं असतं.

मग कुणीतरी शोधून आणतं की 'अलाव युनिकोड' हा पर्याय चालू करायचा. करून बघा. 'लासलगाव'चं 'लसलगव' होतं. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये शब्दातलं अक्षर ओळखण्याचा जो नियम आहे, त्यात देवनागरीच्या काना-मात्रा-वेलांट्या बसत नाहीत, म्हणून त्या गळून पडतात. युनिकोड चालणारं स्लगफील्डही तपासणीत याच नियमावर चालतं, आणि यूआरएलमधला 'स्लग' कन्व्हर्टर तर रोमन अक्षरांपलीकडे जातच नाही. तेव्हा बाजाराच्या पानाच्या पत्त्यात सरळ आयडीचा आकडा घ्या, नाहीतर मॉडेलमध्ये रोमन अक्षरांतल्या कोडचं वेगळं फील्ड ठेवून ते हाताने भरा. पण हे उत्तर लगेच देऊ नका. जँगोचं शेल (एकेक ओळ लिहून लगेच उत्तर बघायची जागा) उघडून 'स्लगिफाय'ला चार नावं द्यायला सांगा: लासलगाव, पिंपळगाव, विंचूर, निफाड. काय गळतं ते मुलं स्वतः बघतात, आणि शेलची सवय लागते ती वेगळीच.

दुसरा प्रश्न एक्सेलचा. दरांची फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली आणि मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली, तर सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-8' हा प्रकार निवडायला सांगा. ते केलं की पुढचा भुंगा लागतो. 'तारीख' हा पहिलाच रकाना वाचताना 'की एरर', बाकीचे रकाने ठणठणीत. प्रिंट केलं तर 'तारीख' अगदी बरोबर दिसतंय. एक्सेल या प्रकारच्या फाइलीच्या अगदी सुरुवातीला एक अदृश्य खूण टाकतं आणि ती पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते. फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-8-सिग' द्या, खूण गळून पडेल. नाव 'रेप्र'मधून प्रिंट करून ती खूण मुलांना दाखवा, नाहीतर त्यांना हे जादूचं वाटतं. जुन्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलींना मात्र एन्कोडिंग बदलून काही होत नाही. त्या आधी कन्व्हर्टरमधून काढाव्या लागतात.

तिसरा प्रश्न मॉडेलचा आहे आणि शिकवायला सगळ्यात कामाचा. मुलं बाजाराचं नाव प्रत्येक दराच्या ओळीत टेक्स्ट म्हणून साठवतात. आठवड्याभराने सरासरी काढली की लासलगावच्या दोन ओळी येतात, एक 'लासलगाव' आणि एक अनुस्वार दिलेलं 'लासलगांव'. दोघांनी डेटा भरलेला असतो, दोघांची सवय वेगळी. फॉरेन की कशासाठी असते हे फळ्यावर टेबलांच्या चौकटी काढून जेवढं कळत नाही, तेवढं या दोन ओळींकडे बघून कळतं. इथून पुढे बाजार वेगळं टेबल. मग विचारा: विंचूर आणि निफाड हे लासलगाव बाजार समितीचे उपबाजार, ते मॉडेलमध्ये कसे दाखवाल? उन्हाळ कांदा आणि लाल कांदा यांचे दर एकाच ओळीत ठेवाल का? एखादा बाजार डिलीट केला तर त्याचे जुने दर जावेत का? आता 'कॅस्केड' (जोडलेलंही सोबत जाऊ दे) आणि 'प्रोटेक्ट' (जोडलेलं असेल तर डिलीट होऊ देऊ नको) यांतला फरक पाठ करावा लागत नाही. घरी कांदा पिकवणारा मुलगा बॅचमध्ये असला तर तो इथे सगळ्यांना गप्प करतो, आणि त्याला तो मान मिळू द्यावा. कोडिंगमध्ये मागे पडलेला असेल तर जास्तच.

दर साठवायला फ्लोट वापरू देऊ नका, डेसिमल फील्ड द्या.

मायग्रेशनचा गोंधळ

'नो सच टेबल' आणि 'नो सच कॉलम' हे दोन एरर म्हणजे मॉडेलची फाइल एक बोलते आणि डेटाबेस दुसरंच. 'मेकमायग्रेशन्स' फक्त बदलाची फाइल लिहितं, 'मायग्रेट' ती डेटाबेसवर चालवतं. मुलं दुसरी पायरी विसरतात, किंवा पहिलीच चालत नाही कारण ॲप 'इन्स्टॉल्ड ॲप्स'मध्ये नसतं आणि जँगो शांतपणे 'काही बदल नाही' म्हणतं. 'शोमायग्रेशन्स' दाखवून ठेवा, कोणती चालली आणि कोणती नाही ते चौकोनातल्या फुलीवरून दिसतं. नव्या प्रोजेक्टमध्ये सर्व्हर सुरू करताच 18 मायग्रेशन्स बाकी असल्याचा इशारा येतो. ती जँगोसोबत येणाऱ्या ॲडमिन, लॉगिन, सेशन वगैरेंची असतात. इशाऱ्याने घाबरलेल्या मुलाला हे नीट सांगा.

अडलं की डेटाबेस आणि मायग्रेशनच्या सगळ्या फाइली उडवून पुन्हा सुरुवात करायची, ही युक्ती सीनियर मुलं ज्युनियरांना शिकवतात. एकट्याच्या सरावात चालून जातं. टीममध्ये तीच युक्ती बाकीच्यांच्या मशीनवर बॉम्बसारखी फुटते. दोघांनी एकाच वेळी मॉडेल बदललं आणि एकाहून जास्त 'लीफ नोड' (मायग्रेशनच्या साखळीची शेवटची टोकं) असल्याची तक्रार आली, तर काही उडवायचं नाही. 'मेकमायग्रेशन्स'ला 'मर्ज' पर्याय द्यायचा, तो काय करतोय ते वाचायचं, मग मायग्रेट. एसक्यूलाइटची डेटाबेस फाइल पहिल्याच कमिटच्या आधी गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) टाका, मायग्रेशनच्या फाइली मात्र गिटमध्ये हव्यातच. मुलं हमखास उलटं करतात.

स्वतःचे फॉर्म लिहायची घाई नको, आधी ॲडमिनमधून (जँगोसोबत तयार मिळणाऱ्या डेटा भरायच्या पानांतून) दर भरू द्या. जँगो 2003 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मलं आणि जुलै 2005 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. बातमीदारांनी पटापट मजकूर भरावा, यासाठी लागणारी ॲडमिनची सोय त्यात सुरुवातीपासूनच आहे. मॉडेल बरोबर आहे की नाही हे ॲडमिनमध्ये दहा ओळी भरताना आपोआप कळतं. आवक क्विंटलमध्ये की गाडीत, असा प्रश्न तिथेच पडतो.

शिकवणाऱ्याच्या सवयी

कीबोर्ड हातात घेऊ नका. मुलाच्या खुर्चीमागे उभं राहून "सरक जरा" म्हणत आपणच चार ओळी ठोकल्या की काम होतं, शिकणं थांबतं. बोट दाखवायचं ते स्क्रीनवरच्या एररच्या ओळीकडे, कोडकडे नाही. दोघांना एका लॅपटॉपवर बसवलं तर ठरावीक वेळाने कीबोर्ड बदलायला लावा. नाहीतर एक टाइप करतो आणि दुसरा मान डोलावतो. मुली गप्प बसल्या म्हणजे त्यांना कळलं असं धरू नका. चारचौघांत "मॅम, हे नाही कळलं" म्हणणं अनेकींना जड जातं, वेगळं विचारलं की मोकळेपणाने बोलतात. मुलांचंही तेच, फक्त त्यांचा आवाज मोठा असतो म्हणून लक्षात येत नाही.

अडचण सुटली का, हे तपासायला आठवड्याच्या शेवटी रिकाम्या फोल्डरपासून एक यादीचं पान करायला सांगा. व्हिडिओ बंद, अधिकृत दस्तऐवज चालू. विषय दर वेळी वेगळा: कधी येवल्याच्या पैठण्यांची यादी, कधी शहरातल्या मिसळीच्या ठिकाणांची. त्यासोबत मुद्दाम बिघडवलेला एक प्रोजेक्ट द्या, ज्यात यूआरएलचा क्रम चुकलाय, एक मायग्रेशन बाकी आहे, एका टेम्प्लेटच्या नावात घोळ आहे आणि एका फॉर्ममध्ये सीएसआरएफ टोकन नाही. दुरुस्ती जमली का यापेक्षा प्रत्येक बिघाड कोणत्या टप्प्यावरचा आहे हे सांगता येतं का ते बघा. 403 (परवानगी नाही) दिसल्यावर जो थेट फॉर्मकडे वळतो, त्याला दुसऱ्या सोमवारच्या शांततेतून बाहेर पडलेला समजायला हरकत नाही.

एवढं करूनही एखादा मुलगा अडूनच राहिला, तर जँगो बाजूला ठेवून त्याला साधा पायथन विचारा: डिक्शनरीतून किंमत काढ, फंक्शनला नावाने आर्ग्युमेंट दे, एका क्लासवरून दुसरा क्लास बनव, एक फंक्शन दुसऱ्याला पाठव. यातलं एकही येत नसेल तर त्याचं दुखणं फ्रेमवर्कचं नाहीच, आणि वर लिहिलेलं काहीही त्याला लागू पडणार नाही. त्याला चार दिवस फक्त हेच द्या. दरांची तीच सीएसव्ही साध्या पायथनने वाचायला लावा, बाजारवार सरासरी काढायला लावा, आणि ते जमेपर्यंत त्याला सर्व्हर सुरू करू देऊ नका.